चार खाने

यवतमाळ जिल्ह्याचं नाव निघालं की ऐकणाऱ्याचा चेहरा आधीच गंभीर होतो. आता कर्ज, विषाची बाटली आणि रडणारं घर येणार, असं त्याने गृहीत धरलेलं असतं. ही गोष्ट तशी नाही. हिच्यात कुणी मरत नाही. जो मेला, तो गोष्ट सुरू होण्याच्या बराच आधी मेला होता. अडचण एवढीच की कागदावर तो अजून जिवंत होता.

गाव घाटंजी तालुक्यातलं, पांढरकवड्याच्या बाजूचं. नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी गावं जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत आहेत. नाल्याकडची जमीन काळी, टेकडीकडची बरड, आणि टेकडीच्या पलीकडे कोलामांचा पोड. या गावात गट नंबर ११७, साडेपाच एकर. दरवर्षी कपाशी आणि मधून तुरीच्या ओळी. करणारी एकच बाई. गाव तिला वहिनी म्हणे.

सासरे गेले, त्यानंतर दोन पावसाळे गेले नाहीत तोच नवरा काविळीने गेला. भासरे, म्हणजे थोरले दीर, यवतमाळात हार्डवेअरच्या दुकानात बसलेले. पोळ्याला यायचे, तुरी निघाल्या की यायचे, आणि एक पोतं डाळीपुरतं म्हणून गाडीत टाकून जायचे. बाकी सगळं वहिनीच्या अंगावर. कृषी केंद्रात उभं राहून बियाण्याच्या पाकिटासाठी घासाघीस तिने करायची, डवरणीला बैलजोडी कुणाची मिळते ते तिने पाहायचं, वेचणाऱ्या बायांना आदल्या रात्री दारोदार जाऊन तिने सांगायचं. पहिली बोंडं फुटली की शेतात सीतादहीची पूजाही तीच मांडायची, दहीभात ठेवून. आजूबाजूच्या शेतांतही ही पूजा बायाच मांडतात. सातबारे मात्र गड्यांच्या नावाने असतात. आपल्याकडे असं बऱ्याच बाबतींत आहे.

इतकी वर्षं कापूस ती गावातच विकत असे. खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात यायचा, भाव सांगायचा, आणि मोजताना काट्याकडे नाही, आभाळाकडे पाहायचा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला सरकारचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता आणि दारातला भाव त्याच्या बराच खाली. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा बघतात, आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्यामागे कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. वहिनीने कापूस दोन दिवस उन्हात पसरला, मुठीत दाबून पाहिला, आणि तिची खात्री झाली. गाडी भाड्याने ठरवली. केंद्रावर काय काय लागतं विचारलं तर उत्तर आलं : आधार, पासबुक आणि कापसाचा पेरा असलेला सातबारा.

म्हणून ती तलाठ्याकडे गेली.

तलाठी तरुण होता, उर्मट नव्हता. त्याने संगणकावर गट नंबर टाकला, पडदा तिच्याकडे वळवला आणि समजावून सांगावं तसं म्हणाला, "हे बघा वहिनी, नियम साधा आहे. सातबाऱ्यावर नाव असेल तर तो शेतकरी. तुमचं नाव नाही. म्हणजे तुम्ही शेतकरी नाही."

वहिनी काही बोलली नाही. पहिलं वाक्य तिला पटलं होतं. दुसरं तर तिच्या डोळ्यांसमोरच पडद्यावर होतं. तिसरं मात्र तिच्या हातांना पटेना, आणि नक्की कुठे बिनसलं ते तिला सांगता येईना. गाडीवाल्याला तिने परत पाठवलं, वर अर्धं भाडंही दिलं.

संध्याकाळी सर दूध घ्यायला आले. सर म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बारावीच्या गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा असतो, आणि परीक्षेत त्याचे गुण सोपे म्हणून पोरं तो पाठ करतात. सरांचं दुःख असं की आयुष्यभर शिकवलेला हा धडा गावात एकदाही कुणाच्या कामी आला नव्हता. वहिनीने तलाठ्याची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. तिच्या नुकसानीबद्दल वाईट वाटण्याआधी त्यांना आनंद झाला, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

"वहिनी, धूर दिसला तर तिथं आग आहे, हे खरं?"

"खरं."

"मग आग असली म्हणजे धूर असतोच?"

वहिनीने चुलीकडे पाहिलं. आत पऱ्हाटी जळत होती, गेल्या सालची, कडकडीत वाळलेली. जाळ स्वच्छ होता. "नाई. वाळली पऱ्हाटी असन तं धूर नाई होत. ओली घातली का मंग होते."

"मग धूर नाही, म्हणून आग नाही, असं कुणी म्हणालं तर?"

"त्याले म्हणा घाल हात."

सर इतके खूश झाले की दुधाची बरणी बाजूला ठेवून खालीच बसले. त्यांनी उगाच खुशी मानली असंही नाही. आपल्या जुन्या नैयायिकांनी याच धुराआगीवर पिढ्यान्‌पिढ्या डोकं झिजवलं. सतराव्या शतकातला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हातात घेतला तर तिथेही हीच चूल आहे. धुरावरून आग ओळखता येते, आगीवरून धूर ओळखता येत नाही. तसा ओळखायचा तर मध्ये ओलं सरपण हवं. एकीकडून दुसरीकडे जाता आलं म्हणून परत येता येतंच असं नाही. दोन्हीकडून जाता आलं, तर त्या नात्याला त्यांनी समव्याप्ती असं वेगळं नाव ठेवलं, कारण तशी नाती थोडी असतात.

"तलाठ्याचं पहिलं वाक्य आपण वादापुरतं खरं धरू," सर म्हणाले. "नाव असेल तर शेतकरी. यातून एवढंच निघतं की जो शेतकरी नाही त्याचं नाव सातबाऱ्यावर नसेल. ते त्याच वाक्याचं दुसरं तोंड आहे. पण त्यानं काय केलं? नाव नाही, म्हणून शेतकरी नाही. हे पहिल्या वाक्यातून निघत नाही. ते वेगळंच वाक्य आहे, आणि त्याचा पुरावा त्यानं वेगळा द्यायला हवा. तुमचा गट नंबर किती?"

"एकशे सतरा."

"एक, एक, सात. बेरीज नऊ. आकड्यांच्या बेरजेला नवानं भाग गेला तर संख्येलाही जातो. तेरा नवे एकशे सतरा. आणि उलटं, संख्येला नवानं भाग गेला तर बेरजेलाही जातो. इकडून तिकडं आणि तिकडून इकडं, दोन्ही वाटा मोकळ्या. चाराचं तसं नाही. चारानं भाग गेला तर दोनानं जातोच. पण सहाला दोनानं जातो, चारानं नाही. तिथं वाट एकेरी आहे."

वहिनीने पऱ्हाटी आत सारली. "मंग सातबारा नवाचा हाय का चाराचा?"

सरांनी उत्तर दिलं नाही. तलाठ्याचं पहिलं वाक्य वादापुरतं खरं धरलं होतं, ते मुळातच खरं आहे का, हे त्यांना घरी जाईपर्यंत सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा झोप उडाली, कारण उत्तर त्यांच्या स्वतःच्या कपाटात होतं. नाल्याकाठची त्यांची चार एकर जमीन, सातबाऱ्यावर त्यांचं नाव, आणि कित्येक वर्षांत त्यांनी तिथे पाऊलही ठेवलं नव्हतं. ठेक्याने दिलेली.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना बुंदी वाटली, आणि पंचायतीसमोरच्या मैदानात ग्रामसभा भरली. खेळांसाठी फक्की आणलेली होती. सरांनी एका पोराकडून ती घेतली आणि मैदानात एक मोठा चौकोन आखला. त्यात आडवी एक, उभी एक रेघ. चार खाने.

"पहिल्या खान्यात," सर खड्या आवाजात म्हणाले, "ज्याचं सातबाऱ्यावर नाव आहे आणि जो शेती करतो. दुसऱ्यात, नाव आहे पण शेती करत नाही. तिसऱ्यात, शेती करतो पण नाव नाही. चौथ्यात, नावही नाही आणि शेतीही नाही. ज्यानं त्यानं आपापल्या खान्यात उभं राहायचं."

लोकांना वाटलं, हा सव्वीस जानेवारीचा खेळच आहे. पहिल्या खान्यात गडी भराभर गेले, दोनचार बायाही. चौथ्यात किराणावाला, न्हावी आणि शाळेतली पोरं. दुसऱ्यात सर स्वतः जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे बँकेतून निवृत्त झालेले एक काका, मग सुटीला पुण्याहून आलेले दोन इंजिनिअर, ज्यांची नावं वाटणीत लागली होती. एकाने तर फोनवर सातबारा उघडून खात्री करून घेतली.

तिसरा खाना रिकामा होता.

बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहिली उठली ती सरपंचबाई. जमीन नवऱ्याच्या नावाने, निंदणखुरपणापासून पऱ्हाटी उपटण्यापर्यंत सगळं हिच्या अंगावर. ती चालत गेली आणि तिसऱ्या खान्यात उभी राहिली, खुर्चीवर बसावं तशी सहज. मग वहिनी. मग एकेक करत भिंत रिकामी होऊ लागली. ज्यांचे बाप जिवंत आणि सातबारा बापाच्या नावाने, ते चाळिशी उलटलेले लेकही पहिल्या खान्यातून मान खाली घालून तिसऱ्यात आले. बटईने करणारे आले. पोडावरचा एकजण मैदानाच्या कडेला सायकल धरून उभा होता, त्याने सायकल झाडाला लावली आणि तोही आला. इतकी माणसं झाली की फक्कीची रेघ पायांखाली पुसून गेली आणि तिसरा खाना पहिल्यात शिरला.

सरपंचबाईंनी तलाठ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमी कोन्या खान्यात?"

तलाठी हसला. त्याची वडिलोपार्जित जमीन अमरावती जिल्ह्यात होती, भावाबरोबर सामायिक, आणि एका शेजाऱ्याला ठेक्याने. तो येऊन सरांच्या शेजारी उभा राहिला.

"आता बघा," सर म्हणाले. शिकवण्याची हुक्की आलेल्या माणसाला थांबवणं कठीण. "नाव असेल तर शेतकरी, हे खरं असतं तर माझा हा दुसरा खाना रिकामा असता. शेतकरी असेल तर नाव असेल, हे खरं असतं तर तिसरा रिकामा असता. आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणायचं, तर दुसरा आणि तिसरा दोन्ही रिकामे हवेत. आहेत का?"

एवढ्यात भासरे आले. ते काही ग्रामसभेला आले नव्हते. दुकान वाढवायला कर्ज काढायचं होतं, जमीन तारण द्यायची होती, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घ्यावं म्हणून सुटीच्या दिवशी तलाठी गावात सापडेल या बेताने आले होते. प्रकार कळल्यावर ते पहिल्या खान्याकडे निघाले. सासऱ्यांच्या जमान्यापासून तो मानाचा खाना आपलाच, अशी त्यांची चाल होती.

"पेरता का?" कुणीतरी विचारलं.

भासरे थांबले आणि दुसऱ्या खान्याकडे वळले.

"साहेब," सर तलाठ्याला म्हणाले, "एकशे सतराचा सातबारा वाचा की."

तलाठ्याने मोबाइलवर काढला आणि वाचला. भोगवटादार म्हणून नाव होतं सासऱ्यांचं. मयत माणसाचं. ना थोरल्याचं, ना धाकट्याचं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदमच कळलं. भासऱ्यांचं नाव नव्हतं आणि ते पेरतही नव्हते. ते किराणावाल्याच्या आणि शाळकरी पोरांच्या खान्यातले होते. पोरांनी त्यांना सरकून जागा करून दिली. आणि तलाठ्याच्या नियमाप्रमाणे गट नंबर ११७ चा शेतकरी एकच उरत होता, त्याला मात्र मैदानात येऊन उभं राहणं शक्य नव्हतं.

हसणं ओसरल्यावर तलाठी बोलला, आणि त्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. "सर, नियम मी केला नाही. मला रकाना भरायचा असतो. रकान्यात जे मावतं तेच मला दिसतं."

"मावतंय की," सर म्हणाले. "सातबारा म्हणजे एक कागद नाही, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने आहेत. सातात हक्क कुणाचा ते. बारात पीक कोणतं ते. जुन्या बारात तर 'जमीन करणाराचे नाव' असा वेगळा रकाना होता. जमीन कुणाची आणि ती करतं कोण, हे दोन प्रश्न आहेत एवढं सरकारला ठाऊक होतं. आपण दोन्ही नमुने एका पानावर छापले आणि ते एकच समजू लागलो. २००७ चं राष्ट्रीय शेतकरी धोरण काढून बघा. स्वामिनाथन आयोगाच्या कामावर उभं आहे ते. त्यात शेतकऱ्याच्या व्याख्येत कूळ आहे, बटईदार आहे, शेतमजूरही आहे."

"धोरणात आहे. केंद्रावरच्या यादीत नाही," तलाठी म्हणाला, आणि तेही खरं होतं.

मला विचाराल तर चूक कागद मागण्यात नव्हती. उद्या कुणीही उठून दुसऱ्याचा कापूस आपला म्हणून विकेल, तेव्हा ओळखीचा काहीतरी पुरावा हवाच. पण 'हा कागद आणला तर तुमचा माल घेऊ' हे बोलणं एक, आणि 'कागद नाही, म्हणजे तुम्ही पिकवलंच नाही' हे वेगळं. पहिलं खिडकीवरचा माणूस म्हणू शकतो. दुसरं म्हणायला त्याला शेतात यावं लागेल.

भासऱ्यांना या चर्चेत रस नव्हता. ते चौथ्या खान्यातून बाहेर आले आणि तलाठ्याला म्हणाले, "माझं नाव लावून द्या. एकट्याचं. घरचं आमी पाहून घेऊ. तिला सांगा, तिचं काही बुडत नाही." वहिनी दोन हातांवर उभी होती, पण भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसत. 'तिला सांगा' हे वाऱ्याला उद्देशून होतं.

आता मात्र तलाठी आपल्या मैदानात आला. इथला नियम त्याला पाठ होता आणि तो एकेरी नव्हता. वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सासऱ्यांच्या मागे थोरला मुलगा, वणीला दिलेली मुलगी, आणि धाकटा मुलगा नंतर वारला म्हणून त्याच्या हिश्श्याला त्याची बायको आणि पोरगा. फेरफार एकच पडणार, त्यात सगळी नावं येणार. हरकतीला पंधरा दिवसांची नोटीस. "एकट्याचं नाव लावता येत नाही, काका," तलाठी म्हणाला. "तुमचं लागलं तर त्यांचं लागेल. त्यांचं लागलं तर तुमचं लागेल."

"म्हणजे नवाचा हिशेब," वहिनी म्हणाली.

सरांच्या उभ्या हयातीत एकाही विद्यार्थ्याने इतक्या चटकन हे पकडलं नव्हतं. पण लगेच त्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली, आणि ती त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवली नाही. दोन विधानं समतुल्य आहेत याचा अर्थ दोन्ही खरी आहेत असा होत नाही. दोन्ही खोटी असली तरी समतुल्यता शाबूत राहते. सासरे गेल्यापासून ना थोरल्याचं नाव लागलं होतं ना धाकट्याच्या घरचं, आणि इतकी वर्षं तो हिशेब बिनचूक चालला होता. भासऱ्यांना कर्ज लागलं नसतं तर आणखी वीस वर्षं तसाच चालला असता. वहिनीचं नाव लागलं ते तिने जमीन कसली म्हणून नाही, दुकान वाढवायचं होतं म्हणून.

असो. लागलं. होळीच्या आत फेरफार मंजूर झाला. चार वारसांची नावं एकाखाली एक. वहिनीने सातबाऱ्याची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवली.

बोधकथा म्हटली तर ती इथे थांबायला हवी. पण पुढचा पावसाळा आला.

वहिनीचे गुडघे दुखायला लागले होते. बरडातली दोन एकर तिने जूनमध्ये बटईने दिली, त्या पोडावरच्या सायकलवाल्याला. बियाणं-खत निम्मं निम्मं, मेहनत त्याची, पीक निम्मं निम्मं. कागद नाही. या भागात बटईचा कागद सहसा कुणी करत नाही, आणि त्याला कारण आहे. विदर्भासाठी कूळ कायदा १९५८ चा. कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं की तो कूळ होतो आणि कूळ झाला की मालक होतो, ही भीती तेव्हापासून जमीनवाल्यांच्या हाडात बसली आहे. कायद्यात पुढे काय बदललं, कुणाला काय लागू होतं, हे कुणी वाचत नाही. भीती मात्र वारस नोंदीशिवायच एका पिढीकडून दुसरीकडे जाते. कसणाऱ्याला संरक्षण द्यायला केलेल्या कायद्याने कसणाराच कागदावरून पुसला गेला.

२०२५ च्या भादव्यात पाऊस थांबेना. नाल्याकाठच्या कपाशीत पाणी साचून झाडं उभीच्या उभी वाळली आणि बरडातली माती वाहून गेली. पंचनामे झाले. सामायिक खातेदारांची संमतिपत्रं घेऊन पैसे वहिनीच्या खात्यात जमा झाले, पूर्ण साडेपाच एकराचे. ही बातमी टेकडीपलीकडे पोचायला दोन दिवस लागले.

तो आला तेव्हा सर ओसरीवर चहा पीत होते.

"वहिनी, बरडाच्या दोन एकरातलं निम्मं माहं होते."

"पैसे सातबाऱ्याले येते भाऊ," वहिनी म्हणाली. "सातबारा माह्या नावानं हाय."

तो काही वेळ गप्प राहिला. मग आवाज न चढवता म्हणाला, "सव्वीस जानेवारीले मी तुमच्याच खान्यात उभा होतो. तुमी आता पह्यल्यात गेल्या. मी तं अजून तिथंच हाव."

वहिनीने सरांकडे पाहिलं. सरांनी कपाकडे पाहिलं. त्यांच्या नाल्याकाठच्या चार एकराचेही पैसे आले होते, आणि ठेकेदार अजून विचारायला आला नव्हता.

"द्या त्याला निम्मे," सर शेवटी म्हणाले. "पण कागदाच्या फंदात पडू नका."

"काहून?" वहिनीने विचारलं.

सरांकडे याचं उत्तर होतं, पण ते तर्काचं नव्हतं. ते १९५८ बद्दल काहीतरी पुटपुटले. वहिनीने आत जाऊन पासबुक आणलं, बोटांवर हिशेब केला, आणि दोन एकराच्या रकमेचे निम्मे पैसे बाजाराच्या दिवशी काढून देते म्हणून कबूल केलं.

"पैशाचं झालं," तो म्हणाला. जायला मात्र उठला नाही. "पुढच्या सालचं बोला. पीक विम्यात बटईवाल्याले भाग घेता येते म्हणते. पन नोंदणी केलेला करार लागते. कागद नसन तं पुढच्या पावसातबी मी तुमच्या दारात असाच येईन."

वहिनीने बराच वेळ विचार केला. सरांना काय वाटेल याचा तिने विचार केला असेल असं वाटत नाही.

"करू कागद," ती म्हणाली. "घाटंजीले जाऊ, नोंदणी करू. पन सारं दोन्हीकून लिवाचं. भरपाई आली तं निम्मी तुही. अन् पीक बुडालं तं बियाण्याखताच्या उधारीतलंबी निम्मं तुह्या अंगावर. कृषी केंद्रवाला फक्त माह्याच दारात नाई आला पायजे. पह्यलं असन तं दुसरं, दुसरं असन तं पह्यलं."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. यंदाच्या बियाण्याची आणि तीन पोती खताची निम्मी रक्कम त्याने मनातल्या मनात मांडली असावी. ती भरपाईच्या निम्म्यापेक्षा फार कमी नव्हती.

"पह्यलं मान्य हाय," तो म्हणाला. "दुसऱ्याचं घरी इचारून सांगतो."

"मंग पह्यलंबी घरूनच इचारून ये," वहिनी म्हणाली आणि पासबुक आत ठेवायला उठली.